पाटीवरून उठताना

पहिला दिवस : सांगली स्टेशन

महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरहून निघते आणि गोंदियापर्यंत जाते. अमरावतीच्या स्पर्धेला निघालेला लेकीचा खो-खोचा संघ कोल्हापुरातच गाडीत बसला होता, कारण विद्यापीठाचं सराव शिबिर तिथं होतं. मी सांगलीला चढणार होते. माझं तिकीट वेगळ्या डब्यातलं. पोस्टात काउंटरवर बसणाऱ्या बाईला डिसेंबरात आठ दिवस रजा मिळणं सोपं नसतं. ती मिळेपर्यंत संघाच्या डब्यातल्या जागा संपल्या होत्या.

हे सोडायला आले होते. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत, त्यामुळं शर्टाला कायम हळदीचा वास. हातात भडंगाची मोठी पिशवी. म्हणाले, "सगळ्या पोरींना पुरेल एवढं आहे, हिलाच देऊ नकोस." गाडी थांबली तशी लेक दारात दिसली. तिनं वरूनच हात हलवला. ह्यांनी विचारलं, "गुडघा?" ती म्हणाली, "आहे जागेवर, बाबा." तेवढंच बोलणं झालं, कारण गाडी तिथं जेमतेम थांबते.

गाडीत बसल्यावर ती माझ्या डब्यात आली आणि एक गोष्ट कबूल करून घेतली. "आई, मैदानावर ये. पण मला हाक मारू नकोस. मी पडले तरी उठू नकोस." मी हो म्हटलं.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी मागचं थोडं सांगते. ऑक्टोबर २०२४ मध्ये, दुसऱ्या वर्षाला असताना, महाविद्यालयाच्या सामन्यात ती संरक्षण करत होती, म्हणजे आक्रमकांना चुकवत पळत होती. खांबाजवळ हुलकावणी द्यायला डावा पाय रोवला, अंग उजवीकडं वळलं आणि पाय तिथंच राहिला. कुणाचा धक्का नाही, कुणी अडवलं नाही. तिला आतून 'टप्' असा आवाज आला, आणि तो मैदानाबाहेर बसलेल्या पोरीलाही ऐकू गेला असं ती पोरगी अजून सांगते. पहिल्या दवाखान्यात 'मुरगळलंय' म्हणून पट्टी बांधून दिली. तीन आठवडे तसेच गेले. मग दुसरीकडं एमआरआय केला तेव्हा कळलं की एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतली आडवीतिडवी धरून ठेवणारी दोरी, पूर्ण तुटली आहे. नोव्हेंबरात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा काढून तिची नवी दोरी केली.

त्यानंतरचं वर्ष मी लिहून काढलं तर वही भरेल. एकच सांगते. मांडीचा घेर दर रविवारी मोजायचा असतो. माझ्या शिवणाच्या टेपनं आम्ही तो मोजायचो. सुरुवातीला डावी मांडी उजवीपेक्षा तीन सेंटिमीटर बारीक भरली होती. ज्या टेपनं मी तिचे शाळेचे फ्रॉक बेतले, तीच टेप.

कराड गेलं, सातारा गेलं. पोरी भेंड्या खेळत होत्या. पुण्यापर्यंत भडंग संपलं होतं.

दुसरा दिवस : बडनेरा, अमरावती

सकाळी जाग आली तेव्हा खिडकीबाहेर केळीच्या बागा होत्या, म्हणजे आपण खानदेशात. शेगाव आलं तसे डब्यातले निम्मे लोक हात जोडून उभे राहिले. मीही जोडले. आमच्या बाजूला असं होतं ते पंढरपूरच्या दिशेला. इथं गजानन महाराज.

दुपारी बडनेऱ्याला उतरलो. अमरावती इथून दहा किलोमीटरवर. संघाला न्यायला गाडी आली होती. मी रिक्षा केली. रिक्षावाले दादा म्हणाले, "सांगली? लय दुरून आल्या बाप्पा तुमी. काय काम काढलं?" मी म्हटलं, पोरगी खो-खो खेळते. त्यावर त्यांनी व्यायाम मंडळाबद्दल जे सांगायला सुरुवात केली ती राजकमल चौक येईपर्यंत. त्याबद्दल पुढं लिहिते, कारण शेवटच्या दिवशी आम्ही तिथं गेलो.

चौकाजवळ एका साध्या लॉजमध्ये खोली मिळाली. संध्याकाळी अंबादेवीचं दर्शन घेतलं. रुक्मिणी याच देवळात पूजेला आली आणि श्रीकृष्णानं तिला इथूनच नेलं, अशी इथली कथा. शेजारीच एकवीरा. ओटी भरताना पुजाऱ्यांनी विचारलं, "काय मागणं?" माझ्या तोंडून निघालं, "गुडघा." त्यांना काही कळलं नसावं, पण त्यांनी अंगारा दिला.

रात्री ह्यांचा फोन. "सुजला नाही ना?"

तिसरा दिवस : पहिला सामना

वऱ्हाडातली थंडी वेगळी. आमच्याकडं कृष्णेकाठी गारवा ओलसर असतो, इथं तो कोरडा, कानाला लागणारा. मी शाल गुंडाळून सकाळी आठलाच मैदानावर. चार मैदानं आखलेली, मातीची. ते पाहून जीव थोडा खाली बसला. दुखापत झाली ते मैदान मॅटचं होतं. मॅटवर बूट धरून राहतो, मातीत जरा सरकतो, आणि ते सरकणं गुडघा वाचवतं, असं तिच्या प्रशिक्षकांचं म्हणणं.

खो-खो बघायला येणारा माणूस पळणाऱ्यांकडं बघतो. साहजिक आहे. मी मात्र या वर्षभरात बसणाऱ्यांकडं बघायला शिकले. आक्रमण करणाऱ्या संघाच्या नऊ जणींपैकी आठ जणी मधल्या पाटीवर बसलेल्या असतात, एकीचं तोंड इकडं तर पुढचीचं तिकडं. त्या काही आरामात बसत नाहीत. दोन्ही पाय दुमडलेले, टाचा उचललेल्या, बोटं मातीत टेकलेली, आणि पाठीमागून 'खो' आला की त्याच क्षणी बाण सुटावा तसं उठायचं. नऊ मिनिटांच्या एका आक्रमणात एकेका मुलीला असं कितीदा उठावं लागतं ते मोजायचा मी घरी प्रयत्न केला आहे. प्रत्येक वेळी मोजणी चुकते.

एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर सरळ रेषेत पळणं तुलनेनं लवकर येतं. उशिरा येतं ते हे पूर्ण बसणं आणि त्यातून जोर लावून उठणं. फेब्रुवारीत ती खिडकीचा गज धरून खाली जायची. अर्ध्यावर थांबायची. वर येताना चेहरा पांढरा. मी स्वयंपाकघरातून बघायचे आणि फोडणी करपायची. एप्रिलमध्ये गज सुटला. जूनमध्ये पहिल्यांदा टाचा उचलून बसली, तेव्हा ह्यांनी घड्याळ लावलं. अकरा सेकंद.

म्हणून माझी नजर तिच्यावर होती ती पाटीवर बसलेली असताना. सात नंबर. सामना एकतर्फी झाला, आमच्या पोरींनी एक डाव राखून जिंकला. संरक्षणाला तिघी-तिघींच्या तुकड्या आत जातात. तिला तिसऱ्या तुकडीत ठेवलं होतं, आणि पहिल्या दोन तुकड्यांनीच नऊ मिनिटं काढली. तिला पळावंच लागलं नाही. आक्रमणात ती उठली, बसली, पुन्हा उठली. डाव्या गुडघ्यावर एकदाही हात ठेवला नाही. मी मनातल्या मनात गजाचा स्पर्श आठवत होते.

सामना संपल्यावर ती माझ्याकडं आली नाही, आम्ही तसं ठरवलंच होतं. लांबून फक्त पाण्याची बाटली वर करून दाखवली.

रात्री ह्यांना सांगितलं, ती पळालीच नाही. ते म्हणाले, "बरं झालं." थोड्या वेळानं पुन्हा फोन. "पळायला पाहिजे होती गं."

चौथा दिवस : अडीच मिनिटं

आजचा दिवस सावकाश लिहिते.

सकाळचा सामना जिंकला की उपांत्यपूर्व फेरी. समोरचा संघ उंच मुलींचा, लांब टांगांचा. पहिल्या डावात आमचे सात गुण, त्यांचे पाच. दुसऱ्या डावात त्यांचं आक्रमण आधी. त्यांनी आमची पहिली तुकडी तीन मिनिटांत कापली. दुसरी तुकडीही गेली. घड्याळात अडीच मिनिटं उरली होती आणि तिसरी तुकडी आत आली. तिघींत एक माझी.

शेजारी एक स्थानिक बाई बसल्या होत्या, त्यांची पुतणी दुसऱ्या मैदानावर खेळत होती. त्यांनी विचारलं, "थे सात नंबरची पोट्टी तुमची हाये काय?" मी मान हलवली. बोलायला आवाजच नव्हता.

पहिल्या मिनिटात एकजण बाद झाली. मग आक्रमकांनी माझीला धरलं. ती साखळीत शिरली, म्हणजे बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी, एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून. हे तिचं जुनं बळ. पण साखळी कुठंतरी संपते आणि पुढं खांब येतो. खांबाजवळ वळावं लागतं. आक्रमक मुलगी एकदा दिशा धरली की माघारी फिरू शकत नाही, आणि तिच्या याच बंधनाचा फायदा पळणारीनं घ्यायचा असतो: तिला एका बाजूला ओढायचं आणि आपण दुसरीकडं निसटायचं. त्यासाठी एक पाय रोवावा लागतो. तिचा कायम डावा पाय असायचा.

सरावाला परतल्यापासून ती उजवा पाय रोवून वळायची. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सप्टेंबरातच हिरवा कंदील दिला होता. एका पायावर उडी मारून अंतर मोजतात. दुखऱ्या पायाचं अंतर चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांच्या पुढं गेलं पाहिजे, ते गेलं होतं. "आता पाय तयार आहे, डोकं तयार व्हायचंय," असं मॅडम म्हणाल्या होत्या. डोक्याला टेप लावून मोजता येत नाही.

आता खांब समोर होता, मागची मुलगी हातभर अंतरावर. आणि तिनं डावा पाय रोवला.

मी डोळे मिटले असतील असं मला वाटतं, कारण मधला क्षण मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आक्रमक मुलगी खांबापलीकडं गेली होती आणि माझी पोर अलीकडच्या बाजूला मोकळ्या मैदानात पळत होती. शेजारच्या बाईंनी माझा दंड धरला. "कशी पयते पाय! कशी पयते!" मी त्यांना काही सांगू शकले नाही. त्यांना वाटलं असेल, या बाईला पोरीचं कौतुक नाही.

आणखी दोनदा तिनं त्याच पायावर वळण घेतलं. मग शिट्टी झाली. तिसऱ्या तुकडीतली एकच बाद, म्हणजे समोरच्यांचे एकूण बारा. माझी नाबाद.

आम्हाला जिंकायला सहा गडी हवे होते. नऊ मिनिटं. पाच गडी आठव्या मिनिटापर्यंत मिळाले. सहावा मिळेना. त्यांची ती मुलगी फारच चलाख होती, प्रत्येक खो कसा येणार ते तिला आधीच कळायचं. मिनिटभर उरलेलं असताना माझी शेवटून दुसऱ्या चौकोनात बसलेली. तिला खो मिळाला. ती उठली. मी पुन्हा सांगते, उठली, टाचेतून सरळ, एका झटक्यात, जसं फेब्रुवारीत, एप्रिलमध्ये, जूनमध्ये उठता येत नव्हतं. पळणारी तिच्या समोरच होती, हात लांबवला असता तर कदाचित लागलाही असता. तिनं हात लांबवला नाही. दोन पावलं तिला खांबाकडं रेटत नेलं आणि शेवटच्या चौकोनातल्या धाकट्या मुलीला पाठीमागून खो दिला. पळणारी सरळ त्या धाकटीच्या हातात गेली.

एक गुण आणि चाळीस सेकंद राखून जिंकलो. पोरींनी त्या धाकटीला उचललं.

गुणपत्रकावर गडी कुणी बाद केला ते लिहितात. खो कुणी दिला ते कुठं लिहीत नाहीत. मी नंतर मुद्दाम जाऊन बघितलं. आक्रमणात माझ्या लेकीच्या नावापुढं शून्य. मला त्या शून्याचा इतका अभिमान वाटला की टेबलावरच्या पंचांनी विचारलं, "ताई, काही तक्रार आहे का?" मी म्हटलं, "नाही हो. बघत होते."

संध्याकाळी उपांत्यपूर्व फेरीत हरलो. माझी पस्तीस सेकंदांत बाद झाली. समोरचा संघ आमच्यापेक्षा सरस होता, त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

रात्री मॅनेजर मॅडमनी तिला तासाभरासाठी माझ्याकडं सोडलं. गुडघ्याला बर्फ लावला. सूज थोडी होती, कामापुरती. मग मी तिला ते सांगितलं जे वर्षभर सांगायचं राहिलं होतं. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या आठवड्यात, ती वॉकर घेऊन चालत असताना, मी तिचे खेळाचे बूट माझ्या भाचीला देऊन टाकले होते. तिला न विचारता. मला वाटलं होतं, संपलं हे आता. पोर पुन्हा नीट चालू लागली तरी खूप झालं. बूट डोळ्यांसमोर नको होते, तिच्या नव्हे, माझ्या.

तिला माहीत होतं. तिनं डिसेंबरातच रॅकवर बघितलं होतं. म्हणाली, "म्हणूनच मी शिकवण्या घेतल्या. नवे घ्यायला." १९ जानेवारी २०२५ ला विश्वचषकाचा अंतिम सामना होता, दिल्लीत, आपल्या मुली नेपाळविरुद्ध. प्रियांका इंगळे कर्णधार. ७८-४० असा जिंकला आपण. ती पलंगावर पाय उशीवर ठेवून फोनवर बघत होती आणि मी शेजारी बसून वाटाणे सोलत होते. त्या रात्री तिनं ठरवलं असं आज मला कळलं. मी तर समजत होते, पोर सामना बघून जरा रमली.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "भाचीला होतात का ते बूट?" मी म्हटलं, होतात, ती लंगडीत पळते त्यात. "मग ठीक आहे."

खाली कोपऱ्यावर गिला वडा खाल्ला. दह्यातला, वर चटणी. अमरावतीला आलात तर खा.

ह्यांचा फोन तिनंच घेतला. दहा मिनिटं नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, डावा. हो. तीनदा." पलीकडून काही आवाज येईना. तिनं फोन माझ्याकडं दिला, तेव्हा लाईन चालूच होती.

पाचवा दिवस : व्यायाम मंडळ आणि परतीची गाडी

सकाळी वेळ होता म्हणून सगळ्या पोरींना घेऊन मॅडम हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ बघायला निघाल्या, मीही गेले. १९१४ साली सुरू झालेली ही संस्था. त्याच वर्षी पुण्यात डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम पहिल्यांदा बांधून दिले, हे मॅडमनी सांगितलं. पुढं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथले लोक जर्मनीला गेले आणि कबड्डी, खो-खो असे आपले मातीतले खेळ तिथं दाखवून आले. नव्वद वर्षांपूर्वी, बोटीनं. रिक्षावाल्या दादांनी परवा हेच सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांचा आवाज असा होता की जणू स्वतःच जाऊन आलेत.

आवारात लहान मुलं मल्लखांब करत होती. आमच्या पोरी थांबल्या. माझी लेक एका चिमुरडीजवळ गेली, ती मुलगी उतरताना पायावर जोरात आपटली होती. तिला ती दाखवत होती, उतरताना गुडघे कसे मऊ ठेवायचे, आधी बोटं, मग टाच. चार-पाचदा स्वतः उडी मारून दाखवलं. हे तिला फिजिओथेरपिस्ट मॅडमनी शिकवलेलं, आमच्या अंगणात, चुन्याच्या रेघेवर.

दुपारी बडनेरा स्टेशन. गाडी पाऊण तास उशिरा होती. फलाटावर बाकडी भरलेली. मी पिशवीतून संत्री काढली, इथली, डिसेंबरातली, साल हलकी सुटणारी. लेक फलाटावरच उकिडवी बसली, टाचा टेकवून, आणि सगळ्यांसाठी संत्री सोलायला लागली. एक सोललं, दुसरं, चौथं. बोलत होती कालच्या हरलेल्या सामन्याबद्दल, कुठं खो उशिरा पडला, पुढच्या वेळी कोणाला कुठल्या चौकोनात बसवायला हवं. समोर बसलेल्या धाकटीला तर्जनीनं फलाटाच्या फरशीवर मैदान आखून दाखवत होती. दहा मिनिटं झाली, बारा झाली. ती तशीच बसली होती आणि तिच्या लक्षातही नव्हतं.

मी ह्यांना फोन लावला. म्हटलं, ऐका, काही बोलू नका, घड्याळ लावा.

घोषणा झाली. तिनं दोन्ही हातांत दोन पिशव्या घेतल्या आणि उठली.